बागायतदार

हिमाचलातल्या एका डोंगरगावात थंडी वाजू लागली, तशी नातीबरोबर फिरायला आलेल्या धोंडाबाईंनी आपल्या गावाहून, लोणी भापकरहून आणलेलं घोंगडं पांघरलं.

"आजी, शाल घे ना. लोक बघतायत," नात सुप्रिया कुजबुजली.

ओसरीवर लोकर कातणारी एक म्हातारी खरंच बघत होती. तिनं जवळ येऊन घोंगड्याचा काठ नखानं खरवडला आणि आपल्या भाषेत काहीतरी विचारलं.

"चिंचोक्याची खळ लावलीया," आजीनं मराठीतच सांगितलं. मग दोघी लोकर चिवडत खिदळत बसल्या.

म्हातारीची नात हिंदीत म्हणाली, "आमची भाषा आता एवढ्या चार गावांतच बोलतात. आम्ही मेंढपाळ. आणि तुम्ही?"

पुण्याच्या ऑफिसात सुप्रिया घरचे कायम 'बागायतदार' म्हणून सांगायची. आज हिंदीऐवजी तिच्या तोंडून आजीचीच बोली निघाली.

"आमीबी मेंढरंवालीच!"