हँकला विचारा

"स्थिर पात्याचा बाण डावीकडे जातो," असं त्या गिऱ्हाइकाने लिहिलं, तेव्हा शुभंकरचा दुसरा चहा चालला होता.

तो बसला होता धायरीत, घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून. डेटाकार्डाला रेंज तेवढ्याच कोपऱ्यात यायची. गिऱ्हाइकाची समजूत मात्र अशी की आपण हँकशी बोलतोय, मोंटानाच्या जंगलात तीस वर्षं हरणं मारलेल्या म्हाताऱ्याशी. शिकारीचं सामान विकणारी अमेरिकन वेबसाइट होती, आणि तिच्यावर 'हँकला विचारा' अशी चॅटची खिडकी. या हँकने आजवर झुरळसुद्धा वहिनींना हाक मारून त्यांच्याकडून मारून घेतलं होतं.

घरी तो 'डेटा एंट्री' एवढंच सांगायचा. हँक पुण्यात राहतो हे कुणाला कळता कामा नये, म्हणून कंपनीने सही घेतली होती.

गिऱ्हाईक आठवड्याभरापासून चिकटलं होतं. खात्यावर पत्ता ओहायोचा. क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखं खांद्याला लावून सोडायचं धनुष्य, त्याच्याकडे होतं. प्रश्न बाणाच्या टोकाचा होता. कुठलं ब्रॉडहेड लावू? स्थिर पात्यांचं, की लागल्यावर उघडणाऱ्या पात्यांचं?

"भाऊजी, स्वेटर घाला आधी." वहिनी जिन्यातून वर आल्या. राजनंदिनीवहिनी दर थंडीत त्याच्यासाठी स्वेटर विणायच्या. यंदाचा एवढा जाड होता की हात खाली पडत नसत. "आणि त्या कागदाचं काय ते एकदा सांगून टाका."

"सांगतो हो वहिनी. घाई काय आहे?"

"मला कसली घाई? घाई बिल्डरला आहे. आणि तुमच्या दादांना. मस्कतहून दर शुक्रवारी ओरडणं मी ऐकते, तुम्ही नाही."

"आज संध्याकाळी नक्की."

"हे तुम्ही गणपतीतसुद्धा म्हणाला होतात. फक्त कुठल्या वर्षीची संध्याकाळ ते सांगितलं नव्हतंत."

शुभंकरने हसत स्वेटर अंगात चढवला. या वेळी तो खरंच बोलत होता. नोकरी कायम झाली की घर विकायच्या कागदावर सही करायची, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. तोवर डोक्यावरचं छप्पर सोडायचं नाही. कायम व्हायला पाच तारे देणारी वीस गिऱ्हाइकं लागत. एकोणीस झाली होती आणि मुदत आजची होती.

"अभिनवसुद्धा म्हणतो, भाव आहे तोवर विकून टाका," वहिनी म्हणाल्या. अभिनव त्यांचा धाकटा भाऊ. अमेरिकेत पाच वर्षं आयटीत काढून परत आलेला, समोरच्या नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा.

"त्याला म्हणावं, रविवारी दहाच्या आत उठून दाखव, मग सल्ले दे."

"आज उठलाय लवकर," म्हणत त्यांनी रिकामा कप उचलला आणि खाली गेल्या.

शुभंकर पुन्हा स्क्रीनकडे वळला. "गुड मॉर्निंग, हँक," गिऱ्हाइकाने लिहिलं होतं. ओहायोत शनिवारची रात्र होती. प्यायलाय वाटतं, शुभंकरला वाटलं.

हँकने उत्तर टाइप केलं. स्थिर पाती मजबूत, हाडाला लागली तरी थांबत नाहीत, पण बाण वेगात असला की हवा धरतात आणि भरकटतात. उघडणारी पाती मिटलेली उडतात, म्हणून सरळ जातात आणि जखम रुंद करतात. मात्र उघडताना थोडा जोर खातात. अंतर किती?

"तीस पावलं. मी उंचावर. डिअर रोज सकाळी पाण्यापाशी येतं."

मचाण असणार. "वजन?"

"बासष्ट किलो."

हा पहिलाच माणूस किलोत बोलणारा. कॅनडाकडचा असेल. "मग उघडणारी पाती बिनधास्त लावा. एवढ्या अंतरावर जोर पुरून उरेल."

"थंडीचा कोट जाड आहे त्याच्या अंगावर. अडेल?"

डिसेंबरात हरणाची लव दाट होते, हे हँकला पाठ होतं. "कोटाने काही होत नाही. लोकर ती."

"काल त्याच पात्यांनी पोत्यावर तीन बाण मारले. तिन्ही एका बशीत मावतील असे बसले. पण एक अडचण आहे, हँक. हे डिअर तासन् तास मान खाली घालून असतं. छाती मिळतच नाही."

शुभंकर स्क्रीनवर आणखी वाकला. विसावा तारा इथेच होता. त्याने हँकचं सगळं शहाणपण ओतलं.

"शिकारी एकटा असेल तर तोंडाने आवाज काढतो. तुम्ही सोबत कुणाला तरी घ्या. तुम्ही नेम धरून बसा, त्याने ओळखीची साद घालावी. डिअर दचकत नाही, पळत नाही. फक्त मान वर करून बघतं. तेवढा एक क्षण पुरतो."

मग पडद्यावर एकापाठोपाठ पाच तारे उमटले. "हँक, तू ग्रेट आहेस."

शुभंकरने मूठ आवळली. वीस! खाली जाऊन आधी वहिनींना सांगायचं, आणा तो कागद.

तेवढ्यात त्याच खिडकीत आणखी एक ओळ पडली. दुसऱ्या कुणाला पाठवायची ती घाईत इथे आली होती. अक्षरं इंग्रजी होती, भाषा नव्हती. डी, ई, ई, आर हा शब्द त्याने आधी सवयीने डिअर वाचला, मग पूर्ण ओळ पुन्हा वाचली.

"ताई, तुझा दीर बसलाय टाकीपाशी. हाक मार."

"अहो भाऊजी!" जिन्यातून वहिनींचा आवाज आला.

शुभंकरने मान वर केली.