मनोऱ्याची नोंद

वैमानिकांना स्क्रीनवर दिसणारे नकाशे बनवणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीत मी नोकरी करते. एके दिवशी कवठे महांकाळहून आबांचा फोन आला. "सृष्टे, आपली मेंढरं चरत्यात त्या टेकडीवर वारं मोजायचा लय उंच मनोरा उभा केलाय. हेलिकॉप्टर पार त्याला खेटून जातंय गं."

मी नकाशा उघडला. टेकडी होती, मनोरा नव्हता. लगेच तक्रार नोंदवली. साहेब हसले. "मेंढपाळाच्या फोनवर नकाशे बदलत नसतात, मॅडम. पाहणी होईल, मग बघू."

पाहणीची तारीख चार वेळा पुढं गेली. तोवर हेलिकॉप्टरचा आवाज आला की आबा डोक्याचा लाल पटका सोडून जीव तोडून हलवायचे.

"काय उपेग न्हाई," ते मला म्हणाले. "आतली माणसं बी हात हलवत्यात. त्यास्नी वाटतं, म्हातारा रामराम घालतोय."

मग एका सकाळी धुक्यात हेलिकॉप्टर मनोऱ्यावर आदळलं. आतले दोघंही गेले. त्यांच्यावर आबांनी आपली घोंगडी पांघरली. बुडातून मोडलेला मनोरा ज्यांचा होता, ते दुसऱ्याच दिवशी ट्रकात घालून घेऊन गेले.

पंधरा दिवसांनी माझ्या तक्रारीला उत्तर आलं.



"प्रत्यक्ष पाहणी केली. टेकडीवर मनोरा आढळला नाही. आपला नकाशा अचूक आहे. तक्रार निकाली."