हिरवी पट्टी

अंकितानं पेनड्राइव्ह खोचला, माऊसनं दोन-तीन टिचक्या मारल्या, आणि पडद्यावर एक हिरवी पट्टी हळूहळू सरकायला लागली. म्हस्कूआबांनी पत्र्याची पेटी ओढून नातीच्या खुर्चीला चिकटवली आणि ते त्या पेटीवर बसले.

"ही पट्टी पार त्या कडंला गेली की झालं," अंकिता म्हणाली. "मग आवाजाचा खेळ चालू. बटण दाबलं की आवाज येतो. बेडकाचा, घंटेचा, ढोलाचा. तुम्हाला करमत न्हाई ना, म्हणून आणलाय."

"किती येळ लागंल?"

"जुना कम्प्युटर हाय. तासभर तरी जाईल. तवर मी बसते, मग एसटीनं जाते."

आबांचा चेहरा उजळला. शिरूरच्या फ्लॅटमध्ये अंकिताला नवा लॅपटॉप आला, म्हणून हा जुना कम्प्युटर आबांच्या गावी, निमोण्याला आला होता. अंकिताच्या आजी, गिताबाईही तिकडंच होत्या. सुनेच्या तान्ह्या बाळाला सांभाळायला चार दिवस म्हणून गेल्या आणि अडकल्या त्या अडकल्याच. मेंढरं तर त्याच्याही आधी विकून टाकलेली. सरळ सांगायचं तर घर आबांना खायला उठायचं.

आज मात्र घरात कुणी तरी बोलत होतं. अंकितानं कॉलेजातल्या सरांची नक्कल केली. सर फळ्याशीच कसे बोलतात ते उभं राहून दाखवलं. आबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पण त्यांचं अर्धं लक्ष पट्टीकडं होतं. लंगड्या मेंढीसारखी चालणारी ती पट्टी अर्ध्याच्या पुढं गेली आणि एकाएकी पळायलाच लागली.

"हिला एवढी कसली घाई झालीय?" आबा कुरकुरले.

"चांगलंच हाय की, आबा. लवकर व्हईल."

आबा पाणी प्यायला म्हणून उठले. पडवीत एका कोपऱ्यात माठ होता आणि दुसऱ्या कोपऱ्यात विजेचा मेन स्विच. खट्कन आवाज झाला. पंखा गरगरत थांबला, पडदा काळा झाला.

"लाईट गेली वाटतं," पडवीतून आबांचा आवाज आला. आणि लगेच, "आमच्याकडं हे आसंच. डीपीच खराब हाय. वायरमनला किती येळा सांगितलं, पण ऐकतोय कोण?"

चोराच्या मनात चांदणं. अंकितानं अजून काही विचारलंसुद्धा नव्हतं. शेजारची पिठाची गिरणी घरघर करत चालू होती.

"गिरणी तर चालू हाय, आबा."

"तिची लाईन येगळी हाय."

अंकिता उठून पडवीत आली. आबा बोर्डाला पाठ लावून उभे होते. हातात तांब्या होता आणि तो कोरडा ठणठणीत होता. अंकितानं तांब्याकडं पाहिलं, मग आबांकडं. आबांनी मान खाली घातली.

"येईल लाईट," ती म्हणाली. "तवर मी चहा ठेवते."

ती चुलीकडं वळली. चहाला उकळी फुटायच्या आत लाईट आली.

कम्प्युटर मात्र रुसला होता. चालू झाल्यावर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं काढत तो आधी स्वतःलाच तपासत बसला. मग अंकितानं पट्टी पहिल्यापासून लावली. तिकडं स्टँडवर एसटीचा हॉर्न वाजला आणि गाडी निघून गेली.

"गेली गं तुझी गाडी," आबा म्हणाले. आवाजात हळहळ आणायचा त्यांनी प्रयत्न केला, पण ती काही आली नाही.

"जाईन पुढच्या गाडीनं."

या खेपेला आबा पेटीवरून हलले नाहीत. पट्टी कडेला पोचली आणि घोडं एकदाचं गंगेत न्हालं. अंकितानं त्यांचं बोट धरून एका बटणावर ठेवलं. बेडूक ओरडला. आबांनी दचकून हात मागं घेतला आणि मग लहान पोरासारखं तेच बटण पुन्हा पुन्हा दाबलं. दुसऱ्या बटणानं घंटा वाजली. तिसऱ्यानं कोकरू ओरडलं, तशी आबांची मान सवयीनं दाराबाहेरच्या मेंढरांच्या वाड्याकडं वळली. वाडा रिकामा होता.

"ढोलाचं कुठलं?" त्यांनी घाईनं विचारलं.

अंकितानं दोन बटणं दाखवली. आबांनी दोन बोटांनी धनगरी गजाच्या नाचाचा ठेका धरला. पण बोट आधी पडायचं आणि आवाज मागून यायचा.

"म्हातारं झालंय हे," आबा म्हणाले. "त्याला थोडं आधीच सांगावं लागतंय."

मग त्यांनी बोट जरा आधी टाकायला सुरुवात केली आणि ठेका जमला. अंकितानं टाळ्या वाजवल्या. खेळात पडद्याच्या खालच्या कडेला पाखरं बसली होती, ती माईकमधून टाळी ऐकून भुर्रकन उडाली. आबा वाजवत राहिले, अंकिता टाळ्या देत राहिली, आणि थोडा वेळ ते घर माणसांनी भरल्यासारखं वाटलं.

मग अंकितानं मोबाईलमध्ये वेळ पाहिली आणि सॅक पाठीला लावली.

"जाते, आबा. आता ही शेवटची एसटी."

"थांब की जरा." आबा उठून तिच्या आणि दाराच्या मध्ये उभे राहिले. "ह्यात आजून काय बसवायचं ऱ्हायलं आसंल तर बघ. गाण्याचं, चित्राचं, कसलं बी चालंल."

"आता कायबी मावत न्हाई, आबा. डिस्क पार भरली. एवढं एकच कसंबसं बसलंय."

आबांनी कम्प्युटरकडं पाहिलं. टाळ्या थांबल्यामुळं पाखरं परत खाली येऊन बसली होती.

"मग हेच काढून टाक," आबा म्हणाले. "पुढल्या रविवारी परत बसवू."