रंगुबाई विरुद्ध आप्पासो

"रंगुबाई विरुद्ध आप्पासो," समोरच्या वकिलानं वाचलं, आणि मागच्या बाकावरची रंगुबाई पदर सावरत उठून उभी राहिली. कोर्टात नाव निघालं की उभं राहायचं, एवढंच ती आजवरच्या तारखांनी शिकली होती.

"आजी, कोण तुम्ही?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"रंगुबाई. तुमीच हाक मारली न्हवं?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"आये, खाली बस," पलीकडून तिचा लेक कृष्णात दातओठ खात म्हणाला.

आजचा दावा तिचा नव्हताच. तिच्या लेकीनं, रेश्मानं, भावावर केलेला. नवऱ्यानं टाकलेल्या रेश्माला कृष्णातनं भाऊबिजेला बोलावलं, ताटात साडी घातली आणि दुसऱ्या दिवशी नोंदणी कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली. वाचूही दिलं नाही. आता बापाच्या रानातला वाटा परत मिळाला, तरच तिला नि तिच्या पोरीला कुठं चूल मांडता येणार होती.

रेश्माचा वकील अमृत वाकून रंगुबाईच्या कानाशी आला. "मावशी, तुम्ही भावावर घातलेल्या जुन्या दाव्याचा दाखला दिलाय कृष्णातच्या वकिलानं. आप्पासोमामा हायकोर्टात जिंकले तो. नोंदणी झाल्यावर 'वाचलं नव्हतं' म्हणून चालत नाही, असं त्यात ठरलंय. निवाडा कायद्याच्या पुस्तकात छापून आलाय."

"पन त्यो तर माज्यावरचा निकाल हाय."

"तवा होता. आता सगळ्यांवरचा झालाय."

रंगुबाईनं लेकाकडं बघितलं. तिच्या त्या दाव्याच्या तारखांना तिचं बोट धरून हाच यायचा. त्याच्यावाचून वकिलाला त्या निकालाचं कोण सांगणार? जात्यावर बसली की ओवीओवीत ती आप्पासोला गुंफायची, माझा बंधू, माझ्या माहेराचा चांद. त्यातली एक ओवी कुणी लिहून ठेवली नाही. दोघांची नावं शेजारी शेजारी छापली ती ही अशी, मधे 'विरुद्ध' घालून.

ती बसली नाही. तिनं हात जोडले.

"बाईसायेब, माजं नाव कुटंबी घ्या. लेकीवर तेवढं घालू नगा."

न्यायाधीशबाईंची लेखणी थांबली. आपल्याच आईकडं बघावं तसं त्यांनी तिच्याकडं बघितलं. रेश्मा बाकावर पुढं सरकली.

मग मान खाली घालून, अगदी हळू आवाजात त्या कृष्णातच्या वकिलाला म्हणाल्या, "निवाड्याचं वर्ष आणि पान परत सांगा."