पहिलं मत

सकाळी सहा वाजता तुळजाबाई शाळेच्या फाटकाशी पहिली येऊन उभी राहिली. मागे कोणी नव्हतं आणि फाटकाला कुलूप होतं.

हिंजवडीच्या याच शाळेत सात विधानसभा निवडणुकांना पहिलं मत तिचं पडलं होतं. आमदार बदलले, शिक्का जाऊन बटण आलं, पण म्हातारीच्या पुढे उभं राहायची गावात कोणाची छाती नव्हती. तसा रिवाजच पडला होता.

नात राजनंदिनी स्कूटीवरून शोधत आली.

"आजी, काल दहा वेळा सांगितलं तुला. आपला मतदारसंघच राहिला नाही, नवा झालाय. आपलं सेंटर आता आयटी पार्कच्या पलीकडे."

"मतदारसंघ गेला, मी हाय न्हवं? काढ गाडी."

सुट्टीमुळे कंपन्यांचा रस्ता मोकळा होता. तरी नशीब आडवं आलंच. चौकात स्कूटी बंद पडली, पेट्रोल संपलं होतं. पंपापर्यंत राजनंदिनीने गाडी ढकलली आणि तुळजाबाई पदर खोचून तिच्या पुढे चालत राहिली.

नव्या केंद्रावर पोचल्या तेव्हा सातला पाच कमी होते. बायकांच्या रांगेत सहा जणी आधीच उभ्या होत्या, सकाळी फिरायला निघतात तशा पायांत पांढरे बूट घालून. तुळजाबाई त्यांच्यामागे सातवी उभी राहिली.

"आजी, तुम्ही कुठल्या सोसायटीतल्या?" सहावीने विचारलं.

"तुमची सोसायटी ज्या रानात हाय, त्या रानातली."

दारावरच्या पोलिसाने हात केला. "आजी, वयस्करांना रांग नाही. या पुढे."

सहाही जणी बाजूला सरकल्या. पहिली जागा रिकामी झाली. राजनंदिनीने आजीला हळूच ढोसलं.

तुळजाबाई हलली नाही. "न्हाई. ह्या माझ्या आधी आल्यात."

ती सातवी आत गेली, सातवी बाहेर आली. बोटावरची ओली शाई फुंकत स्कूटीपाशी आली आणि मागे बसली.

"पुढच्या खेपेला पाचलाच निघायचं," ती म्हणाली.

"आजी, पुढची निवडणूक पाच वर्षांनी आहे."

"मग काय झालं? पेट्रोल आदल्या दिवशी भरून ठेव."