ताजी अंडी

शेती शिकायच्या शिबिराची मंडळी नऊला यायची होती, ती आठलाच आली. त्यामुळे शेताच्या मालकिणीला अंडी फ्रिजमधून काढून थेट खुराड्यात न्यावी लागली. एरवी ती दोन तास आधी काढून ओट्यावर ठेवायची, मग जराशी माती फासून, एखादं पीस चिकटवून पेंढ्यात मांडायची. आज मातीच तेवढी लावता आली. सात कोंबड्या कोपऱ्यात उभ्या राहून हे बघत होत्या. वर्षभरात त्यांनी एकही अंडं दिलं नव्हतं. खायला काळ नि भुईला भार. पण फोटोत छान यायच्या.

बाहेर तिचा नवरा अकरा जणांना नवख्यांच्या चुका सांगत होता. कुंपणाआधी शेळ्या आणल्या, शेळ्यांनी दोनशे रोपं फस्त केली. पाण्याचा पत्ता नसताना फळबाग लावली. पुस्तकात बघून गोठा बांधला, तोही वाऱ्याच्या तोंडावर. पत्रे तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याकडे राहायला गेले. सगळ्या चुका त्याने स्वतः केलेल्या होत्या आणि आता तो त्या अशा रंगवायचा की लोक पोट धरून हसायचे. स्वतःची फजिती सांगणाऱ्या माणसावर विश्वास चटकन बसतो. जमिनीने त्याला जगवलं नव्हतं, शिबिरं जगवत होती. चुकांच्या यादीत एवढं एक नव्हतं.

सगळ्यात मोठ्याने हसत होते एक निवृत्त कॅशियर. राहता फ्लॅट विकून ते आणि त्यांची बायको ओढ्यापलीकडचा तुकडा घेणार होते. तुकडा तिच्या नवऱ्याचाच. तिथे दोनदा बोअर मारली होती, दोन्ही वेळा फुफाटा निघाला. ही गोष्ट घराबाहेर गेली नव्हती. आज कॅशियरच्या बायकोला बाजूला घेऊन सांगून टाकायचं, असं तिने ठरवलं होतं. मागच्या दोन गिऱ्हाइकांच्या वेळीही ठरवलंच होतं.

"आता आपापल्या हाताने अंडी वेचायची," नवऱ्याने जाहीर केलं. पहिला मान ज्येष्ठांना. कॅशियरची बायको टोपली घेऊन खुराड्यात वाकून शिरली. आयुष्यभर शाळेत शिकवत आलेली बाई; लहानपणी घरी कोंबड्या होत्या, असं तिने मागच्या खेपेला सांगितलं होतं. तिने पेंढ्यात हात घातला, अंडं उचललं आणि तशीच थांबली. मग ते गालाला लावून बघितलं.

"वहिनी, हे गार आहे."

"हो." तिने दाराकडे नजर टाकली. "काकू, फ्लॅट विकू नका. पलीकडे पाणी नाही. दोनदा बघून झालंय."

एका कोंबडीने उगाच पंख झटकले. मग वर्गातल्या पोराला गणित समजावावं तशा हलक्या आवाजात काकूंनी सांगितलं. फ्लॅट गेल्या गुरुवारीच गेला. आणि आज गाडी तासभर आधी काढायला लावली ती ह्यांनीच, दुसऱ्या कुणी तुकडा पटकावू नये म्हणून. आल्या आल्या बॉनेटवर कागद पसरून सह्यासुद्धा झाल्या.

त्या वेळी ती इथे, खुराड्यात, अंड्यांना माती फासत होती.

"अगं, मिळालं का?" बाहेरून कॅशियरचा आवाज आला. आवाजात तिसरीतल्या पोराची उत्सुकता होती. "कसं आहे?"

काकूंनी अंड्यावरची माती पदराने पुसली, थोडी तशीच राहू दिली, आणि अंडं टोपलीत ठेवलं.

"ताजं आहे," त्या मोठ्याने म्हणाल्या.

मग तिच्याकडे वळून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "कुठल्या दुकानातून आणता?"