एक्क्याण्णवला फुली

"एक्क्याण्णव मूळ संख्या नाही, सर." मी उत्तरपत्रिका मुख्य परीक्षकांसमोर ठेवली. त्या मुलीने सात गुणिले तेरा मांडून 'संयुक्त संख्या' असं लिहिलं होतं. आधीच्या तपासनिसाने त्यावर फुली मारली होती. शिष्यवृत्तीला साठ गुण लागत होते. तिला एकोणसाठ पडले होते.

"बाई, नमुना उत्तरांत 'मूळ' आहे. खाली चौघांच्या सह्या आहेत."

"सह्यांनी संख्या मूळ होत नाही."

शेजारचे परीक्षक हसले. "अहो, एका गुणासाठी सातशे पेपर पुन्हा कोण उघडणार? चला, जेवण गार होतंय."

मी सहसा आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही, पण टेबलाची कड घट्ट धरली होती.

"सर, तेराचा पाढा म्हणा."

"काय?"

"म्हणा ना. चौथीतली मुलं म्हणतात."

मुख्य परीक्षक चिडून भराभर म्हणत गेले. "तेरा सक अठ्ठ्याहत्तर," म्हणाले आणि थांबले. पुढचं वाक्य खोलीतल्या सगळ्यांना येत होतं.

"फेरतपासणी झाल्याची सही करा, बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले. "गठ्ठे आज जायचेत."

मी सही केली नाही. लाल पेनाने एकोणसाठ खोडून साठ लिहिले.

"आणि बाकीचे सातशे?"

मी पहिल्या गठ्ठ्याची दोरी सोडली.

"जाताना दार ओढून घ्या, सर. मला वेळ लागेल."